चार सरळ आरसे

बाइंडरबाई पत्त्यांच्या खेळात पडली ती नाइलाजाने, आणि रमली ती स्वतःच्या खोडीने. एकतीस वर्षं छापखान्याच्या बांधणी खात्यात वह्या, पुस्तकं आणि जाडजूड रजिस्टरं शिवून झाल्यावर ती घरी बसली होती. घरी बसलं होतं ते शरीर. हात काही बसायला तयार नव्हते. मागच्या खोलीत तिने आपला जुना शिकंजा आणून ठेवला होता. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि वरून पिळायचा लोखंडी स्क्रू. कुणाची फाटकी वही, कुणाचा सुटलेला शब्दकोश आला की ती त्यात दाबून ठेवायची, आणि नसला आला तर शेजाऱ्यांकडे जाऊन मागून आणायची.

घरात खरे खेळाडू दोघं, मुलगा आणि सून. हे पत्ते राजा-राणी-गुलामाचे नव्हेत. यात हजारो वेगवेगळे पत्ते असतात, प्रत्येकावर चित्र आणि त्याखाली त्या पत्त्याने काय होतं ते लिहिलेलं. त्यातून आपल्या पसंतीचे साठ निवडून गठ्ठा तयार करायचा आणि तो घेऊन दुसऱ्याच्या साठांशी लढायचं. त्या गठ्ठ्याला ते डेक म्हणत. म्हणजे टेबलाशी बसायच्या आधीच अर्धा खेळ होऊन गेलेला असतो. सून हा खेळ सहा वर्षं खेळत होती. दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तपासायची आणि संध्याकाळी पत्ते घेऊन बसायची. वर्षातून एकदा मोठी स्पर्धा होते, तिथे जायला जागा मिळवावी लागते. तीन वेळा तिची जागा एका सामन्याने हुकली होती.

यंदा जागेसाठी जोड्यांनी खेळायचं ठरलं, आणि नेमकी यंदाच मुलाची वर्षभरासाठी दुसऱ्या गावी बदली झाली. पत्त्यांच्या दुकानातले बाकी सगळे आधीच जोड्या बांधून मोकळे. मुलगा फोनवर म्हणाला, "आईला घे की."

सुनेने फोन ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, तुमची हरकत नसेल तर..."

"हरकत कसली? पण मला गुलामचोर येतो फक्त. आणि त्यातही मीच चोर होते."

दोघींचं कधी भांडण नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं. चार वर्षं एका घरात राहून त्या एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत. 'तुम्ही आधी घ्या', 'नको, तू घे' करता करता चहा गार व्हायचा.

सुनेने तिला बैलांचा डेक दिला. त्यात डोकं नको, बैल मांडायचे आणि पुढे सोडायचे. "नाकासमोर चालायचं, आई. समोरच्याचे वीस जीव संपले की आपण जिंकलो." बाइंडरबाई दोन आठवडे बैल हाकत राहिली आणि हरत राहिली. हरण्याचं तिला काही नव्हतं, कंटाळ्याचं होतं. एकदा डाव मांडता मांडता तिने विचारलं, "दर खेपेला गठ्ठ्यातून एक पत्ता उचलायचा ना? मग गठ्ठाच संपला तर?"

"तर उचलायला काही नाही म्हणून तो हरतो. पण तसं कुणी जिंकत नाही."

"का नाही जिंकत?"

"वेळच मिळत नाही. त्याआधी जीव संपतात."

बाइंडरबाईला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर तिने कपाटातला नको असलेल्या पत्त्यांचा खोका काढला आणि एकेक पत्ता चष्म्याजवळ धरून वाचत बसली. दुपार टळली तेव्हा तिच्यासमोर एक छोटी चळत तयार होती. सगळ्या पत्त्यांवर वाळवी. कामकरी वाळवी समोरच्याच्या गठ्ठ्यातले दोन पत्ते खाते, राणी सहा खाते, वारूळ दर खेपेला एक. कुणाला मारत नाही, कुणावर धावून जात नाही. खाते, एवढंच.

संध्याकाळी सुनेने चळत पाहिली आणि तिला हसू आवरेना. "वाळवीने कुणी स्पर्धा जिंकत नाही, आई."

"वाळवी काय करते ते मी जन्मभर निस्तरलंय. ग्रंथालयातून पुस्तकं यायची. वरून पुठ्ठा शाबूत, आत भुगा. तिला घाई नसते म्हणून ती दिसत नाही."

"हे पुस्तक नाहीये पण."

"गठ्ठाच आहे ना?"

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेचा आगीचा डेक आणि सासूची वाळवी यांची चार दिवसांत वीस डावांची झुंज झाली. आगीने अकरा जिंकले, वाळवीने नऊ. सुनेने विसावा डाव आवरताना आकडे पुन्हा मोजले. दुकानातल्या कुणाचाही डेक तिच्या आगीसमोर वीसात सहाच्या वर गेला नव्हता. शिवाय सासूला एक गोष्ट येत होती जी दुकानात कुणालाच येत नव्हती. समोरच्या गठ्ठ्याकडे नुसतं बघून ती सांगायची, "तेवीस राहिले." मोजावं तर तेवीसच. छापखान्यात ती कागदाचा थर अंगठ्याने चाळून पानं सांगायची. डोळा अंगठ्याकडून शिकला होता.

अडलं ते आरशांपाशी. आरसा हा पत्ता टाकला की समोरच्याचा त्या खेपेचा सगळा मार फुकट जातो. असे चार आरसे सुनेकडे होते, चारही चमकीचे, प्रकाशात धरले की रंग पालटणारे. एकेका वर्षी एकेक करून तिने ते मिळवले होते. जोडीच्या स्पर्धेचा नियम असा, की एका नावाचा पत्ता जोडीतल्या एकाच डेकमध्ये चालतो. म्हणजे आरसे एकतर आगीत, नाहीतर वाळवीत.

सुनेने कागदावर आकडेमोड केली, पेन्सिल चावली, पुन्हा केली. शेवटी डबीतून चारही आरसे काढून सासूपुढे ठेवले. "आगीला आरसा असला तर बरा. वाळवीला नसला तर ती मेलीच."

"तुझे आहेत ते. हरवले, खराब झाले तर?"

"जपून वापराल तुम्ही."

आणि इथेच घोळ झाला. कारण बाइंडरबाईने जपलं, पण बाइंडरासारखं जपलं.

स्पर्धा रविवारी होती. गुरुवारी आरसे पारदर्शक पाकिटांत घालताना तिच्या लक्षात आलं की ते बाहेरच्या अंगाने वळलेत. सगळेच पत्ते थोडे वळलेले होते. पिसून पिसून वळतातच. पण चमकीच्या थरामुळे आरशांचं वळण डोळ्यांत भरत होतं. इतकी मौल्यवान वस्तू आपल्याकडे आलीय आणि ती वाकडी? तिच्या हातांना ते सहन होईना. तिने चारही आरसे टिपकागदात ठेवले, शिकंज्यात घातले आणि स्क्रू पिळला. शनिवारी काढले तर काय, काचेसारखे सपाट. तिने ते पुन्हा पाकिटांत घालून डेकमध्ये मिसळले आणि सुनेला काही बोलली नाही. न मागता केलेलं काम बोलून दाखवायचं नसतं, अशी तिची समजूत.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या, सोळा जोड्या. काळा शर्ट घातलेली एक तरुण पंच टेबलांमधून फिरत होती. चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत जोडीतली दोघं शेजारी बसून आपापल्या समोरच्याशी खेळणार, तीनातले दोन डाव जिंकेल तो जिंकला. शेवटी पहिल्या दोन जोड्यांना मोठ्या स्पर्धेची जागा.

पहिल्या फेरीत बाइंडरबाईसमोर केस कापण्याचं दुकान चालवणारी एक मुलगी होती. वाळवी बघून ती म्हणाली, "आजी, हे अजून कुणी खेळतं?"

"मी खेळते ना," बाइंडरबाई म्हणाली आणि तिचा गठ्ठा खाऊन टाकला. दुसऱ्या फेरीतही जिंकली. तिसऱ्यातही. सुनेचा मात्र तिसऱ्या फेरीत पाय घसरला, ती हरली. तक्ता लागला तेव्हा हिशेब सरळ होता. शेवटच्या फेरीत दोघी जिंकल्या तर जागा नक्की. एक जरी हरली तर नाही.

"आरसा काय वेळेवर येतो हो तुम्हाला!" सून पाण्याची बाटली उघडत म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच ती हसली होती. "प्रत्येक डावात पहिल्या हातात. माझ्याकडे असताना तळाशी दडून बसायचे मेले."

बाइंडरबाईही हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यात कुसळासारखं राहिलं. प्रत्येक डावात? सात डाव झाले होते. साठात चार आरसे, पहिल्या हातात सात पत्ते. एकदा यावा, दोनदा यावा, नशीब फार जोरावर असेल तर तीनदा. सातही वेळा? नशिबावर तिचा राग नव्हता, पण पानं आपोआप जागेवर येत नाहीत हे ती एकतीस वर्षं बघत आली होती. एखादं पान पुन्हा पुन्हा एकाच जागी उघडत असेल तर तिथे काहीतरी असतं, दोरा सैल नाहीतर खळ जास्त.

फेरी सुरू व्हायला वीस मिनिटं होती. तिने डेक घेऊन खिडकीजवळचं टेबल गाठलं. गठ्ठा उभा ठोकून चारी कडा सारख्या केल्या, आडवा ठेवला आणि डोळा कडेच्या पातळीला आणून उजेडाकडे पाहिलं.

गठ्ठ्यात चार ठिकाणी केसाएवढी फट होती.

तिने पहिल्या फटीपाशी गठ्ठा उचलला. खाली आरसा. दुसऱ्या फटीपाशी, आरसा. तिसरी बघायची गरजच उरली नाही. छप्पन्न पत्ते एका अंगाला वळलेले आणि चार सपाट. सगळे वळलेले असताना सगळे सारखे होते. तिनेच त्यातले चार वेगळे काढले होते. आणि तिचा अंगठा, तो मेला जन्माचा चोखंदळ, पिसताना दर वेळी त्या फटीशी थांबत होता आणि तिथून वरची चळत खाली घालत होता. तिला न विचारता.

तिने गठ्ठा पुन्हा एकत्र केला. मग सुनेला हाक मारली.

सगळं ऐकून झाल्यावर सुनेने पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "तुम्ही माझे आरसे शिकंज्यात घातलेत? मला न विचारता?"

"हो."

"स्क्रू पिळून?"

"टिपकागद घातला होता गं मध्ये."

"टिपकागद!" सुनेने कपाळाला हात लावला. मग हळू आवाजात म्हणाली, "पंचांनी सकाळी डेक तपासला. त्यांना नाही कळलं. समोरचेही गठ्ठा हातात घेऊन बघतात, त्यांनाही नाही कळलं. म्हणजे तुमच्याशिवाय कुणाला कळणारच नाही."

"नाही कळणार."

"मग आता सांगायला गेलो तर?"

"काय करतील?"

"कमीत कमी पुढच्या फेरीत तुमचा एक डाव गेला. खेळायच्या आधीच. समोर तो दाताचा डॉक्टर आहे, त्याच्याशी उरलेले दोन्ही डाव जिंकायचे." ती थांबली. "सहा वर्षं झाली, आई."

"माहीत आहे. म्हणून तर तुला बोलावलं. जागा तुझी आहे, तू सांगशील तसं."

"आणि मी म्हटलं, गप्प बसा, तर?"

बाइंडरबाईने डेक टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. "तर मी पिसू कशी ते सांग. मघापर्यंत माहीत नव्हतं, चाललं. आता अंगठा फटीशी गेला की मला कळणार. न गेला तर मी मुद्दाम टाळला हेही कळणार. आता मला आंधळं होता येत नाही."

सुनेने डेक उचलून त्याची कड उजेडात धरून पाहिली. मग तिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडली, "पंच!"

काळ्या शर्टवाल्या पंचाने डेक घेऊन कडेने पाहिला, डोळे मिटून कापला, पुन्हा पाहिला. "मला काही लागत नाही."

"अंगठा इथे ठेवा," बाइंडरबाई म्हणाली. "दाबू नका. नुसता फिरू द्या. हां, थांबा! लागलं?"

पंचाचे डोळे मोठे झाले. "अरे बापरे. हे तुम्ही स्वतःच सांगताय?"

"मग काय तुमची वाट बघू?"

निकाल झाला तो सुनेने सांगितला तसाच. झालेल्या फेऱ्या झाल्या, पण शेवटच्या फेरीतला पहिला डाव गेला. आणि आरसे एकतर काढायचे, नाहीतर बाकीच्यांसारखे करायचे. वेळ बारा मिनिटं.

"बाकीच्यांसारखे म्हणजे?" सुनेने विचारलं.

"वाकडे," बाइंडरबाई म्हणाली.

आरसे पाकिटांतून निघाले. बाइंडरबाईने पहिला हातात घेतला आणि नखाने न दाबता नुसता दोन्ही बाजूंनी हलवून पाहिला. कागदालाही कापडासारखी दिशा असते. त्या दिशेने तो मुकाट वळतो, आडवा वळवला की मोडतो. आणि मोडला की संपलं, पांढरी रेघ कायमची. दिशा सापडली. पण हात पुढे जाईना. तिने आरसा सुनेपुढे धरला. "विचारून करते. करू?"

"करा," सून म्हणाली. मग घाईने, "थांबा. मी डोळे मिटते. नको, बघते. करा."

टेबलाच्या गोल कडेवरून बाइंडरबाईने आरसा तळहाताखाली हळूच ओढला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओढून बाजूच्या पत्त्याशी जुळवला. तसेच चारही. पंचाने डेक पिसून दहा वेळा अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग बाइंडरबाईने स्वतः फिरवला. अंगठा सरळ वरून खाली गेला, कुठेच थांबला नाही. तिला बरं वाटलं आणि जरा पोरकंही.

उरलेल्या चार मिनिटांत ती केस कापणाऱ्या मुलीकडे जाऊन आली आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच!" आणि पुन्हा आपल्या पत्त्यांत डोकं घातलं. बाइंडरबाईला ते लागलं.

दाताचा डॉक्टर चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस होता. शेजारी सुनेसमोर त्याची बहीण. त्याच्या डेकमध्ये चिमटा नावाचा पत्ता होता. तो टाकला की तो समोरच्याच्या हातातला एक पत्ता निवडून उपटून काढायचा. "जरासं दुखेल," असं म्हणून तो टाकायचा, आणि दर वेळी स्वतःच हसायचा.

न खेळताच एक डाव त्याच्या खाती गेला. पुढचा डाव वाळवीने खाल्ला. आरसा अगदी शेवटी, योगायोगाने आला आणि उपयोगी पडला. शेजारी सुनेने आगीने डॉक्टरच्या बहिणीला दोन सरळ डावांत जाळून काढलं आणि खुर्ची वळवून बसली. बोलायची परवानगी नव्हती. ती फक्त बघत होती.

तिसरा डाव. आरसा एकही नाही. डॉक्टरचे तीन चिमटे पडून गेले होते. बाइंडरबाईचे चार जीव उरले होते, हातात दोन पत्ते, एका खेपेचा मार अडवणारी भिंत आणि राणी. खेपेला एकच टाकता येतो. तिने डॉक्टरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सात.

राणी टाकली तर सहा जातील, एक उरेल. तो एक उचलेल, आणि त्याच्या पुढच्या खेपेला हरेल. पण मधल्या खेपेला त्याच्या मारापुढे ती उघडी. भिंत टाकली तर ती वाचेल, तो एक उचलेल, सहा उरतील, आणि पुढच्या खेपेला राणी सहाही खाईल. पण तोवर राणी हातात राहणार. आणि चौथा चिमटा? एका पत्त्याचे चार ठेवता येतात. राणी उपटली गेली तर सगळंच गेलं.

तिने राणी टाकली.

डॉक्टरने शेवटचा पत्ता उचलला, हातातल्या पत्त्यांशी लावून पाहिला, आणि पाच जीवांचा मार केला.

तक्ता लागला. डॉक्टर आणि त्याची बहीण दुसरे, या दोघी तिसऱ्या. सुनेने तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर जाऊन सभागृहाच्या पायरीवर बसली. बाइंडरबाई तिच्या शेजारी बसली.

"भिंत आधी टाकायची होती," सून एकदम म्हणाली.

"चिमटा होता ना त्याच्याकडे."

"कशावरून?"

"चार असतात."

"चार ठेवता येतात, आई! ठेवलेच पाहिजेत असं नाही! सबंध दिवसात त्याने चौथा काढला नाही. मी दोन फेऱ्या बघत होते त्याला!"

"तू बघत होतीस, मी नव्हते. मला कसं कळणार?"

"विचार करून! गठ्ठ्याची जाडी कळते तुम्हाला, माणूस कळत नाही?"

"माणसाला कड नसते गं!" बाइंडरबाईचाही आवाज चढला. "आणि चिमटा असता तर तूच म्हणाली असतीस, राणी का धरून ठेवली!"

"नसते म्हणाले!"

"म्हणाली असतीस!"

आतून येणाऱ्या लोकांनी दोघींना वळसा घातला. त्यांत डॉक्टरही होता. सुनेने त्याला हटकलंच. "एक मिनिट. चौथा चिमटा होता का तुमच्याकडे?"

डॉक्टर थबकला, खाली बसला, आणि डेकची डबीच उघडून पायरीवर ठेवली. "तीनच घेतो मी. चौथ्याच्या जागी हे." त्याने एक पत्ता काढून दाखवला.

सून सासूकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडणाचाच होता. "ऐकलंत? भिंत. भिंत टाकली असती तर मी गेले असते."

"गेली असतीस," बाइंडरबाई म्हणाली. "माझ्या हातून गेली तुझी जागा."

सुनेने बाहीने नाक पुसलं. "आरशांमुळे गेली असती तर मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं. चुकीच्या पत्त्याने गेली. ते माझ्याकडूनही झालंय. तीनदा."

डॉक्टरने उठायची तयारी केली, पण सुनेने त्याच्या डबीवर हात ठेवला होता. "थांबा हो. तीनच घेतल्यावर बाकीचं जमवता कसं? दाखवा सगळे."

तो पत्ते मांडू लागला. पायरी पुरेना, तशी बाइंडरबाईने आपली ओढणी काढून खालच्या पायरीवर अंथरली, आणि तिघांची डोकी त्यावर वाकली.